मुलीला वैमानिक व्हायचे आहे: प्रशिक्षण महाराष्ट्रात घ्यावे की अमेरिकेत?

गोदाकाठचा_मास्तर

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझी मुलगी यंदा भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी झाली. वैमानिक व्हायचे हे तिने आठवीत असतानाच जाहीर केले होते आणि आम्ही ते वयाचे खूळ समजून सोडून दिले होते. परंतु यंदा तिने अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचा अर्जसुद्धा भरला नाही, तेव्हा हे मनावर घेण्यावाचून आता गत्यंतर उरलेले नाही. आमच्या घराण्यात विमानाशी कोणाचा संबंध आलेला नाही, मी स्वतः आयुष्यात एकदाच विमानात बसलो आहे, त्यामुळे माहीतगारांनी थोडा वेळ द्यावा अशी विनंती आहे.

आमच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला महाराष्ट्रातल्याच एका संस्थेचा आहे. तेथे २०० तासांच्या उड्डाणासह व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, ५२ लाख रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा आकडा दिला असून वसतिगृहाचा खर्च वेगळा आहे. प्रशिक्षण १५ महिन्यांत पूर्ण होईल असे तोंडी सांगितले, पण छापील पत्रकात त्या कालावधीमागे ‘अंदाजे’ हा शब्द आहे. पहिला हप्ता २० लाखांचा आहे. दुसरा प्रस्ताव फ्लोरिडातील एका शाळेचा असून तो पुण्यातील एका सल्लागारामार्फत आला आहे. त्यात ५० हजार डॉलर शुल्क, राहणे-जेवणे वेगळे, आणि दहा महिन्यांत अमेरिकेचा परवाना हातात, असे गणित मांडले आहे. भारतात आल्यावर तो परवाना बदलून घेणे ही निव्वळ औपचारिकता असते, असे त्यांचे म्हणणे आहे. जागा राखून ठेवण्यासाठी त्यांना महिनाअखेरीपर्यंत दोन लाख रुपये हवे आहेत आणि त्यासाठी दर दोन दिवसांनी त्यांचा फोन येतो.

महाराष्ट्रातील संस्था आम्ही प्रत्यक्ष बघून आलो. हँगरमध्ये आणि बाहेर मिळून ११ विमाने उभी होती. पट मोजण्याची सवय असल्यामुळे मी तीही मोजली. त्यांतील दोन विमानांना पंखा नव्हता, एकाचे इंजिन काढून लाकडी घडवंचीवर ठेवलेले होते आणि एकाच्या चाकांत हवा नव्हती. यात वावगे काय आणि नेहमीचे काय, हे मला समजले नाही. विचारल्यावर ‘मेंटेनन्स चालू आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

माझ्याकडे भविष्य निर्वाह निधी धरून १४ लाखांची तजवीज होऊ शकते. परभणीत स्वतःचे घर आहे, गावाकडे तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. बाकी रक्कम कर्जाने उभी करावी लागेल. पैसा एकदाच खर्च करता येईल, दुसऱ्यांदा नाही, अशी आमची परिस्थिती असल्यामुळे निवड कोणत्या निकषांवर करावी, हे कृपया सांगावे.

उजवी_सीट

सर, मी एका विमान कंपनीत एअरबस ३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे आणि माझे प्रशिक्षण संपूर्णपणे भारतात झाले. आपण विमाने मोजलीत हे उत्तम केलेत. मी प्रवेश घेतला तेव्हा फक्त माहितीपत्रकातील छायाचित्रे मोजली होती.

दुरुस्तीसाठी विमान उभे असणे ही तक्रारीची बाब नाही. ठरावीक तास भरले की तपासणी करावीच लागते, आणि प्रशिक्षणाच्या विमानांत सर्रास आढळणारी लायकमिंगची इंजिने साधारण २,००० तासांनंतर ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त करण्यासाठी, उतरवावी लागतात. त्यामुळे घडवंचीवरचे इंजिन पाहून मी घाबरलो नसतो. चाकांत हवा नसलेल्या विमानाकडे मात्र मी दोनदा पाहिले असते, कारण ते कित्येक आठवडे जागचे हललेले नाही आणि त्याच्याकडे कोणी फिरकलेलेही नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आता हिशेब मांडून पाहा. समजा, ११ पैकी ६ विमाने रोज खरोखर उडतात आणि प्रत्येक विमान दिवसाला ५ तास हवेत असते. म्हणजे दिवसाचे ३० तास झाले. महिन्यात २५ दिवस हवामान चांगले मिळाले तर ७५० तास झाले. पटावर १२० विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला सव्वासहा तास येतात आणि २०० तास भरायला ३२ महिने लागतात. तेच विद्यार्थी ६० असतील तर १६ महिन्यांत काम होते. यात पावसाळा धरलेलाच नाही. म्हणून संस्थेला ‘विमाने किती’ हा प्रश्न विचारू नये. काल किती तास उडाले आणि आज पटावर उड्डाण करणारे विद्यार्थी किती आहेत, हे दोन आकडे मागावेत. प्रत्येक उड्डाणाची नोंद ऑथरायझेशन बुकात असते. ज्या संस्थेचा कारभार नीट चालला आहे, तिला ते पुस्तक उघडून दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

मला १५ महिने सांगितले होते आणि लागले २७. आमच्याकडे दुसऱ्या दिवसाचा फ्लाइंग प्रोग्रॅम रोज संध्याकाळी फळ्यावर लिहिला जात असे. पहाटे साडेपाचला पांढरा गणवेश चढवून, नकाशा आणि हेडसेट घेऊन आम्ही बाकावर बसत असू, आणि आठच्या सुमारास कोणीतरी येऊन नावावर खडूने आडवी रेघ मारून जात असे. कधी विमान नाही, कधी इन्स्ट्रक्टर नाही, कधी दृश्यमानता नाही. एका जून ते सप्टेंबरात माझे एकूण नऊ तास झाले. खरे नुकसान त्यानंतर कळते. पंधरावीस दिवसांचा खंड पडला की एकट्याने उडण्याआधी इन्स्ट्रक्टरबरोबर पुन्हा चेक घ्यावा लागतो आणि तो तास आपल्याच खात्यातून वजा होतो, त्यामुळे रखडलेले प्रशिक्षण वेळेबरोबर पैसाही खाते.

जागेचाही विचार करावा. बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदियाजवळचे बिरसी ही सगळी महाराष्ट्रातलीच ठिकाणे असली तरी तेथील हवामान सारखे नाही. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी तापते आणि विरळ होते की लहान विमानाला धावपट्टी सोडायला नेहमीपेक्षा जास्त अंतर लागते आणि वर गेल्यावर हेलकावे बसतात, त्यामुळे उड्डाण सकाळ-संध्याकाळपुरतेच उरते. उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी १९८५ पासून आहे. तेथील प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतून होतो, त्यामुळे मुलीने तो अर्ज भरावाच, पण तेथेही डिसेंबर-जानेवारीचे धुके चुकत नाही. रात्रीच्या उड्डाणाची सोय त्याच धावपट्टीवर आहे की त्यासाठी विद्यार्थ्यांना दुसरीकडे न्यावे लागते, हेही विचारून घ्यावे. दुसरीकडे न्यावे लागत असेल तर ती आणखी एक रांग असते.

डीजीसीएने, म्हणजे देशातील नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी लावायला सुरुवात केली आहे. पहिल्या क्रमवारीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत देशातील एकही संस्था बसली नाही. ती यादी जरूर पाहावी, मात्र श्रेणी संस्थेला मिळते आणि रांगेत आपली मुलगी उभी राहते, त्यामुळे वरचा हिशेब स्वतः करावाच.

फ्लोरिडाहून_फलटण

मास्तर, नमस्कार. मी अमेरिकेत शिकून आलो, त्यामुळे दुसऱ्या प्रस्तावाविषयी लिहितो. ‘औपचारिकता’ हा शब्द वाचून मला हसू आले आणि थोडा रागही आला. मला हाच शब्द सांगण्यात आला होता.

भारतात सीपीएलसाठी एकूण २०० तास लागतात. त्यांपैकी १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे असताना, झालेले असावे लागतात. त्या १०० मध्ये ५० तास क्रॉस कंट्रीचे, म्हणजे एका विमानतळावरून दूरच्या ठिकाणी जाण्याच्या प्रवासाचे, हवेत, आणि त्यातील एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा असून वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर विमान पूर्ण थांबवून उतरलेले असावे लागते. शिवाय १० तास इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांवर उडण्याचे, आणि ५ तास रात्रीचे लागतात, आणि त्या रात्रीच्या तासांत १० उड्डाणे व १० उतरणी व्हाव्या लागतात.

घोटाळा होतो तो लॉगबुकातल्या, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीतल्या, पायलट इन कमांडच्या रकान्यात. अमेरिकी नियमांनुसार खासगी परवाना मिळाल्यावर विद्यार्थी इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाही, विमान स्वतः हाताळत असल्यास, तो वेळ आपल्या कमांडच्या रकान्यात लिहू शकतो. तसेच दोन विद्यार्थी एकत्र उडतात, एकजण डोळ्यांवर झापड लावून उपकरणांवर विमान चालवतो, दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर लक्ष ठेवतो, आणि तोच एक तास दोघांच्याही कमांडमध्ये जातो. तेथे हे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि स्वस्तही पडते. आपल्याकडे इन्स्ट्रक्टरबरोबरचा तास हा ड्युअलचाच, म्हणजे शिकवणीचाच, राहतो आणि सेफ्टी पायलटचा तास कमांडमध्ये धरला जात नाही. मी परतलो तेव्हा लॉगबुकात कमांडचे ११८ तास दिसत होते आणि इथल्या नियमाने मोजल्यावर त्यांतले ७९ उरले. राहिलेले २१ तास मी भारतात दामदुप्पट दराने भरले. माझ्या शाळेने फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी त्यांच्या नियमांनुसार शिकवले, आणि आमच्या नियमांचे पुस्तक त्यांनी कधी उघडलेच नव्हते. ते उघडून पाहणे हे ज्याने कमिशन घेतले त्या सल्लागाराचे काम होते. एक गोष्ट आजही डोळ्यांपुढे आहे: माझ्या ३०० मैलांच्या प्रवासात एका थांब्यावर मी चाके टेकवून लगेच पुन्हा उड्डाण केले होते आणि शेऱ्यात तसे प्रामाणिकपणे लिहिलेही होते. त्या एका ओळीमुळे अख्खा प्रवास पुन्हा करावा लागला.

परत आल्यावर अमेरिकी प्राधिकरणाकडून परवान्याची पडताळणी, डीजीसीएचे पेपर, रेडिओ टेलिफोनीची परीक्षा, भारतातील वर्ग १ची वैद्यकीय तपासणी आणि इथल्या विमानावर चाचणी, हे सारे असतेच. आमच्या तुकडीत ज्यांनी पेपर जाण्याआधीच दिले होते त्यांचे काम पाच-सहा महिन्यांत झाले. मी आल्यावर अभ्यासाला बसलो, मला चौदा महिने लागले.

जाण्याआधीचा वेळही दहा महिन्यांत धरलेला नसतो. व्हिसाची मुलाखत असते, शिवाय परदेशी विद्यार्थ्याला तेथे उड्डाण प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची मंजुरी घ्यावी लागते, त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. अशा शाळांसाठी विद्यार्थ्याला बहुधा एम-१ हा व्हिसा मिळतो आणि शिकत असताना त्यावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे ‘तेथे काम करून खर्च भागेल’ असे कोणी सांगितल्यास फोन ठेवून द्यावा. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी जवळजवळ रोज गडगडाटी ढग येतात. अंतिम चाचणी घेणारे परीक्षक कमी असल्यामुळे तयारी पूर्ण होऊनही काही आठवडे थांबावे लागते, आणि त्या काळात हाताची सवय मोडू नये म्हणून उडत राहावे लागते, अर्थात पैसे मोजून. ५० हजार डॉलरचा आकडा हा किमान तासांवर काढलेला असतो. किमान तासांत पूर्ण करणारा विद्यार्थी मी पाहिलेला नाही.

एवढे लिहूनही मी तेथे गेलो याचा मला पश्चात्ताप नाही. एका सकाळी मी उतरायच्या रांगेत सातवा होतो, कंट्रोलर एका दमात चार विमानांना सूचना देत होती, आणि त्यातली आपली सूचना उचलून, तीच परत म्हणून दाखवून, शिवाय विमानही सरळ ठेवायचे होते. वर्षभर रोज असे उडल्याने रेडिओची भीती कायमची गेली. विमान सहसा मिळते, ठरलेल्या वेळी मिळते, आणि चुकीचा निर्णय घेतला तर तो आपलाच असतो. दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड येथे गेलेल्या मित्रांचाही अनुभव साधारण असाच आहे. मात्र जाण्याआधी शाळेकडून ई-मेलवर एवढे लिहून घ्यावे की, १०० तास निव्वळ एकट्याच्या कमांडचे असतील आणि भारतीय नियमांतील प्रत्येक अट लॉगबुकात स्वतंत्र ओळीने दिसेल. जी शाळा हे लिहून देत नाही, तिच्याविषयी अधिक विचार करायला नको.

जुना_इन्स्ट्रक्टर

वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण क्रम चुकतो आहे. आधी शरीर, मग पेपर, मग पैसे.

मुलीची वर्ग २ची वैद्यकीय तपासणी डीजीसीएने मान्य केलेल्या डॉक्टरकडे या महिन्यात करून घ्यावी आणि त्यानंतर लगेच वर्ग १ची. चष्मा ही अडचण नाही. रंगदृष्टी, कान, हृदय यांत काही निघाले तर ते आज निघालेले बरे. १८ लाख भरून झाल्यावर रंगदृष्टी तपासणाऱ्या इशिहाराच्या ठिपक्यांत आकडा न दिसलेला मुलगा मी पाहिला आहे. त्याला जन्मभर ते माहीत नव्हते, कारण कोणी त्याला ते ठिपके दाखवलेच नव्हते.

त्यानंतर डीजीसीएचे पेपर: एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के लागतात. यांतील पहिले चार तिने घरी राहून किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या वर्गात जाऊन सहा-आठ महिन्यांत द्यावेत. खर्च दोन-चार लाखांच्या आत राहतो. ते सुटले की देशात-परदेशात दोन्हीकडची दारे उघडी राहतात, आणि सुटले नाहीत तर ५० लाख वाचतात. ज्या मुलांचे पेपर आधी झालेले असतात, त्यांना हँगरमध्ये पुस्तक घेऊन बसावे लागत नाही, हा वेगळा फायदा.

संस्था बघायला पुन्हा जाल तेव्हा विमानांबरोबर इन्स्ट्रक्टरही मोजा, आणि त्यांतले किती जण वर्षभराहून अधिक काळ तेथे आहेत ते विचारा. पुष्कळ तरुण मुले तास भरण्यापुरती शिकवतात आणि विमान कंपनीचे पत्र आले की सोमवारी दिसत नाहीत. त्यांना दोष देत नाही, पण विद्यार्थ्याला दर तीन महिन्यांनी नवा माणूस मिळतो आणि तो पुन्हा पहिल्यापासून तपासतो. पहिल्या सोलोला, म्हणजे एकट्याने करायच्या पहिल्या उड्डाणाला, इन्स्ट्रक्टर उतरून जातो तेव्हा विमान हलके होते आणि अपेक्षेच्या आधीच जमीन सोडते. विद्यार्थी नेमका तेथे दचकतो. ते त्याला आदल्या दिवशी कोणी सांगितले होते की नाही, यावरून मी संस्था ओळखतो.

देशात शिकणे दुय्यम मानणाऱ्यांसाठी एवढेच, की जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेला भारतातील पहिल्या क्रमांकाचा परवाना हा बॉम्बे फ्लाइंग क्लबमधल्या शिक्षणावर मिळाला होता.

हिशेबनीस

मी बँकेच्या कर्ज विभागात २२ वर्षे काढली आहेत आणि माझा पुतण्या याच मार्गाने गेला आहे, त्यामुळे केवळ पैशांविषयी लिहितो.

पहिली गोष्ट, त्या १८ टक्क्यांविषयी. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५४ व्या बैठकीत हे स्पष्ट करण्यात आले की डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थांचे मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण अभ्यासक्रम जीएसटीतून मुक्त आहेत. ५२ लाखांवर १८ टक्के म्हणजे ९ लाख ३६ हजार रुपये होतात. ही रक्कम कोणत्या बाबीवर लावली आहे, हे संस्थेला लेखी विचारावे. वसतिगृह वा अन्य सेवांचा प्रश्न वेगळा असू शकतो, पण उड्डाणाच्या शुल्कावर हा कर दिसत असेल तर उत्तर मिळाल्याशिवाय हप्ता भरू नये.

दुसरी गोष्ट, हप्त्यांची. पैसा उड्डाणाच्या तासांच्या मागोमाग चालला पाहिजे, पुढे नव्हे. सुरुवातीलाच २० लाख संस्थेकडे गेले की आपल्या हातात तक्रार अर्जाखेरीज काही राहत नाही. २५-३० तासांचे पैसे आगाऊ, ते संपत आले की पुढचे, अशी बोलणी करून पाहावीत. पूर्ण मान्य होत नसले तरी हप्ते बारीक करून मिळतात. परदेशातही हेच लागू आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतील सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही उड्डाण शाळांची मोठी साखळी अचानक बंद पडली तेव्हा दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे आगाऊ भरलेले शुल्क अडकले होते. सल्लागाराला द्यायचे दोन लाख परत मिळणार आहेत का आणि कोणत्या परिस्थितीत, हे पावतीवर लिहिलेले नसेल तर ते गेले असे समजून चालावे.

तिसरी गोष्ट, कर्ज. शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, त्यामुळे आपला आधार परभणीचे घर हाच राहील. ५० लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ५५ हजार येतो, आणि शिक्षणाच्या काळातले व्याज न भरता साचू दिले तर त्याहून अधिक. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराची सवलत मिळते, पण ‘अभ्यासक्रम संपला’ हे बँक पत्रकातल्या १५ महिन्यांवरून ठरवते, फळ्यावरच्या खडूवरून नव्हे. प्रशिक्षण २७ महिने चालले तर हप्ता मुलगी शिकत असतानाच सुरू होईल. म्हणून मंजुरीच्या पत्रात कालावधी मुळातच २४ ते ३० महिने धरून घ्यावा. सीपीएलनंतर विमान कंपनीच्या जेट विमानासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता, लागते. त्याचे १५ लाख किंवा अधिक पहिल्याच दिवशी हिशेबात धरावेत, नाहीतर परवाना हातात असलेली मुलगी घरी बसून राहते आणि दुसरे कर्ज कोणी देत नाही.

परदेशी रक्कम पाठवताना दहा लाखांपुढील रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कापला जाणारा कर, गोळा करते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून रक्कम गेल्यास तो लागत नाही. डॉलर पाच रुपयांनी चढला की ५० हजार डॉलरवर अडीच लाख वाढतात, हेही लिहून ठेवा.

गोदाकाठचा_मास्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या आपुलकीने आणि तपशिलाने कोणी लिहील असे वाटले नव्हते.

गेल्या शनिवारी मुलीला घेऊन पुन्हा त्या संस्थेत गेलो, या वेळी न कळवता आणि सकाळी सहा वाजता. ऑथरायझेशन बुक पाहायला मिळेल का, असे विचारल्यावर थोडी चुळबुळ झाली, पण एका ज्येष्ठ इन्स्ट्रक्टरांनी ते स्वतः उघडून दाखवले. आदल्या दिवशी १९ तास उड्डाण झाले होते. पटावर ९४ विद्यार्थी होते. मुलीने तेथेच वहीच्या मागच्या पानावर गणित केले. महिन्याला पाच तास, म्हणजे २०० तासांना ४० महिने. परत येताना एसटीत ती म्हणाली, “बाबा, एका पुस्तकावर अख्खा वर्ग बसवल्यासारखे आहे हे.” जीएसटीविषयी विचारले तेव्हा ‘लेखा विभागाकडून कळवू’ असे सांगितले, अद्याप कळवलेले नाही.

सल्लागारांना आत्ता पैसे देणार नाही असे सांगितले. त्यांनी जागा जाईल असे बजावले. मी जाऊ द्या म्हणालो, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी ती जागा अजून शिल्लक असल्याचा त्यांचा फोन आला.

जुने इन्स्ट्रक्टर साहेब, आपला क्रम आम्ही स्वीकारला आहे. वर्ग २च्या तपासणीसाठी पुढच्या गुरुवारी पुण्याला जात आहोत आणि हे वर्ष पेपरांसाठी द्यायचे ठरवले आहे. देशात की परदेशात हा प्रश्न पेपर सुटल्यावर पुन्हा उघडू. तोवर आणखी काही कागदपत्रे जमवायची असल्यास सांगावे.

उजवी_सीट

सर, पेपरांना बसण्यासाठी डीजीसीएच्या संकेतस्थळावरून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी लागते. ती अर्जाच्या आधीच करून ठेवावी.

त्याहीआधी मुलीचे नाव सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते, आणि आधार कार्डावर वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. माझ्या बाबतीत ‘श्री’ हा नावातलाच भाग एका कागदावर जोडून आणि दुसऱ्यावर तोडून लिहिलेला होता. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील जाहिरात आणि नवे पारपत्र यांत माझे साडेतीन महिने गेले. गुरुवारी पुण्याला जाताना सगळे मूळ कागद बरोबर न्या, कारण वैद्यकीय फाइलवर जे नाव एकदा चढते तेच पुढे परवान्यापर्यंत जाते.